काम जिथे, कर तिथेच

‘पगार न्यू यॉर्कचा, मग टॅक्सही न्यू यॉर्कचा. त्यात रडायचं काय?’ न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की त्याची आता कुणी तपासणीच करत नाही. ते म्हणणाऱ्यांत हिशेबात मुरलेले लोक आहेत, बँकांत वरच्या जागांवर बसलेले आहेत, आणि दर एप्रिलला रिटर्न भरून ‘सुटलो बुवा’ म्हणणारेही आहेत. त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, की ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत आपण दरवर्षी रोख मोजतो आहोत. माणूस ज्या दिवशी जिथे बसून काम करतो, त्या दिवसाच्या कमाईवर कर लावायचा हक्क त्या जागेचा. मालकाचं ऑफिस कुठल्या इमारतीत आहे, यावरून तो ठरू नये. न्यू यॉर्क राज्य कित्येक दशकं याच्या उलट वागत आलं आहे, आणि घरून काम करणं सर्रास झाल्यावर तर तो अन्याय लाखो घरांत शिरला आहे.

भारतातल्या वाचकांना हा प्रश्न मुळात पडत नाही, म्हणून थोडं मागून सांगतो. आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा. राज्य फार तर व्यवसाय कर घेतं, आणि त्यालाही राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. पुण्याच्या कंपनीतला माणूस महिनाभर बेळगावहून काम करत बसला, तर कर्नाटक सरकार त्याच्या दारात येत नाही. अमेरिकेत केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी, न्यू हॅम्पशर यांसारखी नऊ राज्यं पगारावर कर घेत नाहीत, बाकीची घेतात. घेणाऱ्या राज्याचे दावे दोन प्रकारचे असतात. तुम्ही तिथले रहिवासी असाल, तर जगात कुठेही कमावलेल्या पैशावर. रहिवासी नसाल, तर त्या राज्यात कमावलेल्या पैशावर. एकाच पैशावर दोघांचा दावा लागला, तर राहत्या राज्याने दुसरीकडे भरलेल्या कराचं क्रेडिट द्यायचं, अशी सर्वसाधारण रीत आहे. सगळा वाद ‘त्या राज्यात कमावलेला पैसा’ कशाला म्हणायचं, एवढ्यावरच आहे.

बहुतेक राज्यं याचं सरळ उत्तर देतात: काम करताना तुमचं शरीर जिथे होतं तिथे. न्यू यॉर्कचं उत्तर वेगळं आहे. परराज्यातला नोकरदार न्यू यॉर्कबाहेर बसून काम करत असेल, तर ते त्याच्या सोयीसाठी की मालकाच्या गरजेसाठी, असं ते विचारतं. सोयीसाठी असेल तर तो दिवस न्यू यॉर्कमध्ये काम केल्यासारखाच धरायचा. पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, नेब्रास्का अशा मोजक्या राज्यांतही असा नियम आहे, पण तो सर्वांत कडकपणे आणि सर्वांत जास्त लोकांवर चालवतं ते न्यू यॉर्क.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. समजा, एडिसनमध्ये राहणारी एक मराठी बाई मॅनहॅटनमधल्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. पगार वर्षाला १,२०,००० डॉलर, कामाचे दिवस २४०. त्यातले १४० दिवस ती सकाळची एनजे ट्रान्झिट पकडून पेन स्टेशनला उतरते आणि ऑफिस गाठते. ८५ दिवस घरून काम करते. उरलेले १५ दिवस तिने पुण्याहून काम केलेलं आहे, कारण वडिलांची बायपास झाली होती आणि तिची रजा संपत आली होती. दिवसभर दवाखाना, रात्री लॅपटॉप. साध्या हिशेबाने न्यू यॉर्कच्या वाट्याला २४० पैकी १४० दिवस, म्हणजे ७०,००० डॉलरची कमाई येते. तेवढ्यावरचा कर न्यू यॉर्कचाच आहे, आणि तो तिने आनंदाने भरावा. पण न्यू यॉर्क म्हणतं, सगळे २४० दिवस आमचे. घरून काम केलंस ती तुझी सोय, वडिलांच्या उशाशी बसलीस तीही तुझी सोय. जिथे तिने त्या दिवशी पाऊलही ठेवलं नाही, तिथल्या खात्यात आणखी ५०,००० डॉलरची कमाई जाऊन बसते.

यातली विसंगती नीट पाहण्यासारखी आहे. ते पंधरा दिवस तिने रजा काढली असती, तर न्यू यॉर्कच्या सूत्रातून ते वगळले गेले असते, कारण शनिवार-रविवार, सण, आजारपण आणि रजा या दिवसांची त्यात गणनाच होत नाही. तिने दोन्ही कर्तव्यं एकदम निभावली, म्हणून ते दिवस धरले गेले.

आता दुसरी बाजू. ती प्रत्यक्ष बसली होती भारतात. भारतात बसून केलेल्या कामाच्या पगारावर कर लावण्याचा हक्क भारताच्या कायद्यात आहे. पण भारत आणि अमेरिका यांनी १९८९ साली दुहेरी कर टाळण्याचा करार केला, आणि त्याच्या सोळाव्या कलमाने असा हक्क भारत सोडून देतो. अटी एवढ्याच, की माणूस त्या करवर्षात १८३ दिवसांहून जास्त भारतात राहिलेला नसावा, पगार देणारा मालक भारतातला नसावा आणि तो पगार मालकाच्या भारतातल्या शाखेच्या खर्चात पडत नसावा. म्हणजे ज्याच्या भूमीवर ती बसली, त्या देशाने समजूतदारपणे हात मागे घेतला, आणि ज्याच्या भूमीवर ती नव्हतीच, त्या राज्याने हात पुढे केला. हजारो मैलांवरच्या दोन देशांना जे जमलं, ते हडसन नदीच्या दोन काठांवरच्या दोन राज्यांना जमत नाही. जमू शकत नाही असंही नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात कितीतरी वर्षं परस्पर करार आहे. फिलाडेल्फियात नोकरी करणारा न्यू जर्सीकर पगारावरचा राज्य-कर फक्त न्यू जर्सीला देतो, आणि तिकडून येणारा फक्त पेनसिल्व्हेनियाला. न्यू यॉर्कने असा करार कुणाशीच केलेला नाही.

समर्थक पहिल्यांदा सांगतात ते असं: न्यू यॉर्कमध्ये ती कंपनी आहे, तो बाजार आहे, म्हणून तर एवढा पगार मिळतो. त्या शहराचे रस्ते, पोलीस, सबवे यांचा खर्च कुणी द्यायचा?

रस्ते-पोलिसांचंच आधी घेऊ. न्यू यॉर्क शहराला परराज्यातल्या नोकरदाराच्या पगारातून प्राप्तिकराचा एक सेंटही मिळत नाही. पूर्वी बाहेरून येणाऱ्यांवर शहराचा ०.४५ टक्के कर होता. तो १९९९ मध्ये गेला, आणि तोही न्यू यॉर्कच्याच विधिमंडळाच्या निर्णयामुळे. विधिमंडळाने आधी आपल्या राज्यातल्या उपनगरवासीयांना त्यातून सोडलं. मग फक्त परराज्यातल्यांवर तो ठेवणं घटनेत बसत नाही असं न्यायालयांनी ठरवलं, आणि कर सगळ्यांसाठीच संपला. आज एडिसनच्या बाईकडून जो कर जातो तो राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीच्या तिजोरीत जातो. सबवे चालवणाऱ्या एमटीएसाठी २००९ पासून मालकाच्या पगारखर्चावर वेगळा कर आहे. गाडीने मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्यांकडून ५ जानेवारी २०२५ पासून ९ डॉलर वसूल होतात. जो प्रत्यक्ष येतो, त्याच्याकडून येण्याचे पैसे घेण्याची व्यवस्था अशी जागोजागी आहे. जो त्या दिवशी आलाच नाही, त्याने कुठला सबवे वापरला?

आणि ती ज्या दिवशी एडिसनच्या घरात बसली होती, त्या दिवशी तिच्या गल्लीतला बर्फ कुणी काढला? मुलांची शाळा कुणी चालवली? न्यू जर्सीच्या प्राप्तिकराचा जन्मच शाळांमधून झालेला आहे. शाळांना पैसा पुरवण्याची पद्धत घटनाबाह्य आहे असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तरी विधिमंडळ हलेना, तेव्हा १ जुलै १९७६ पासून न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला. शाळांना कुलपं लागली आणि त्याच महिन्यात प्राप्तिकराचा कायदा झाला. त्या कराचा पैसा घरपट्टीचा बोजा हलका करण्यासाठीच वापरायचा, असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे, आणि त्यातला फार मोठा भाग शाळांना जातो. अमेरिकेतली सर्वांत जड घरपट्टी भरणारी आपली मराठी माणसं, जी त्या शाळांसाठीच एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसरला घरं घेतात, तीच ‘टॅक्सही न्यू यॉर्कचा’ असं सहज म्हणून टाकतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ऑल्बनीला गेलेल्या कराचं क्रेडिट न्यू जर्सीला आपल्या कराच्या मर्यादेपर्यंत द्यावं लागतं. ते त्याच शाळांच्या पैशातून जातं.

राहिला बाजाराचा मुद्दा. न्यू यॉर्कमधल्या बाजारामुळे पगार मिळतो, म्हणून कर न्यू यॉर्कचा, हे तत्त्व असेल तर ते न्यू यॉर्कने सगळीकडे लावून दाखवावं. कंपन्यांच्या नफ्यावर कर लावताना न्यू यॉर्क ऑफिस कुठे आहे, माणसं कुठे बसतात, हे बघतच नाही. ग्राहक कुठे आहे ते बघतं. ग्राहक ओहायोत असेल, तर तेवढी विक्री न्यू यॉर्कची धरली जात नाही. म्हणजे कंपनीची कमाई ग्राहकाच्या गावाची, आणि त्याच कंपनीतल्या नोकरदाराची कमाई मालकाच्या खुर्चीच्या गावाची. दोन्हीकडे एकच तत्त्व असतं, तर निदान त्यावर वाद घालता आला असता. इथे कंपनीला राज्यात टिकवायचं म्हणून एक माप आहे, आणि ज्याला त्या राज्यात मत देता येत नाही त्या नोकरदारासाठी दुसरं.

दुसरं समर्थन असं, की सूट दिली तर सगळे खोटं बोलतील, रविवारी दोन ईमेल लिहून ‘घरून काम केलं’ म्हणतील. न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला तिथे कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात, २००३ साली हाच धागा धरला. प्रकरण होतं एडवर्ड झेलिन्स्की यांचं. ते मॅनहॅटनमधल्या कार्डोझो विधी महाविद्यालयात करकायदा शिकवतात आणि कनेटिकटमधल्या न्यू हेवनला राहतात. आठवड्याचे तीन दिवस ते शिकवायला जात, उरलेल्या दिवशी घरी लेखन-वाचन करत. न्यू यॉर्कने सगळ्या दिवसांवर कर मागितला. कनेटिकट म्हणालं, घरी बसून केलेलं काम आमच्या राज्यातलं, त्याचं क्रेडिट देणार नाही. एकाच पगारावर दोन राज्यांचा कर बसला. स्वतःचा खटला स्वतः लढवूनही ते हरले. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, टेनेसीच्या टॉमस हकबी यांचं प्रकरण आलं. ते संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत, मालक क्वीन्समध्ये. वेळेच्या सुमारे पाऊण भाग ते नॅशव्हिलच्या घरून काम करत आणि एक चतुर्थांश न्यू यॉर्कमध्ये. एक चतुर्थांशावर कर त्यांनी भरला होता. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी शंभर टक्क्यांवर कर कायम केला. त्यांच्या बाबतीत कुणी खोटं बोलल्याचा प्रश्नच नव्हता. ते कुठे बसून काम करत होते, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं.

खोटेपणाच्या भीतीला खरं उत्तर न्यू यॉर्कच्याच कर खात्याकडे आहे. एखादा श्रीमंत माणूस ‘मी आता फ्लोरिडाला राहायला गेलो’ म्हणतो, तेव्हा हे खातं त्याच्या मोबाइलच्या नोंदी, ऑफिसच्या दारावर कार्ड टेकवल्याच्या वेळा, ईझी-पासचे टोल, क्रेडिट कार्डची बिलं असं सगळं मागवून त्याने वर्षातला एकेक दिवस कुठे घालवला ते काढतं. तिथे तर दिवसाचा एखादा तास न्यू यॉर्कमध्ये गेला, तरी तो अख्खा दिवस न्यू यॉर्कचा धरता येतो. याच नोंदींनी माणूस राज्यात होता हे सिद्ध होत असेल, तर तो राज्यात नव्हता हेही त्यांनीच सिद्ध व्हायला हवं. तराजूचं एकच पारडं चालू ठेवून न्याय होत नाही.

‘गरज’ सिद्ध करायला वाट ठेवली आहे की, असंही सांगितलं जातं. ती वाट २००६ च्या एका परिपत्रकात आहे, आणि जिज्ञासूंनी ते जरूर वाचावं. घर हे मालकाचं खरं ऑफिस मानायचं तर एक मुख्य निकष आहे: कामाला लागणारी खास यंत्रणा घरात किंवा घराजवळच असली पाहिजे, जसा नव्या मोटारींच्या चाचणीचा रस्ता. तो निकष जमला नाही, तर दुय्यम यादीतल्या किमान चार आणि तिसऱ्या यादीतल्या किमान तीन गोष्टी दाखवायच्या. त्या याद्यांत काय आहे? ग्राहक नियमितपणे तुमच्या घरी भेटायला येतात का, कंपनीच्या लेटरहेडवर तुमच्या घरचा पत्ता आणि फोन आहे का, घरावर कंपनीची पाटी आहे का. एडिसनच्या टाउनहाउसमध्ये राहून डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाने दारावर कंपनीची पाटी लावायची, आणि मग त्याचं काम खरं धरायचं. ज्या काळात हे निकष लिहिले गेले, तेव्हाही ते थोड्यांनाच लागू पडत होते. आज लॅपटॉपवर होणाऱ्या कामाला ते लागूच पडत नाहीत.

कोविडच्या साथीच्या २०२० बद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण ‘सोय’ या निकषाचं खरं रूप त्या वर्षी उघडं पडलं. २२ मार्च २०२० पासून न्यू यॉर्कच्या गव्हर्नरांच्या आदेशाने अत्यावश्यक नसलेल्या सगळ्या आस्थापनांना शंभर टक्के कर्मचारी घरी ठेवणं भाग पडलं. त्याच सुमारास न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनीही लोकांना घरात राहण्याचा आदेश दिला. मॅनहॅटनचं ऑफिस बंद, जाणं कायद्याने मना, कारणाशिवाय घराबाहेर पडणं कायद्याने मना. आपल्यातली कित्येक जोडपी त्या काळात जेवणाच्या टेबलावर एक आणि शयनघरात एक असे लॅपटॉप मांडून, मुलांची ऑनलाइन शाळा सांभाळत काम करत होती. आणि त्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कच्या कर खात्याने जाहीर केलं, की साथीमुळे घरून काम केलेले दिवससुद्धा न्यू यॉर्कमध्येच काम केलेले धरले जातील. मालकाने तुमच्या घरी रीतसर ऑफिस थाटलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. राज्य स्वतः म्हणालं येऊ नका, आणि राज्यच म्हणालं की तुम्ही आला नाहीत ती तुमची सोय. याचं समर्थन मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘टॅक्सही न्यू यॉर्कचा’ म्हणणारेही इथे गप्प होतात. झेलिन्स्की यांनी २०१९ आणि २०२० या वर्षांसाठी पुन्हा दाद मागितली. न्यू यॉर्कच्या कर-न्यायाधिकरणात २०२३ साली पहिल्या पायरीवर आणि २०२५ साली वरच्या पायरीवरही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

‘सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलंय ना? मग संपलं,’ हा तिसरा युक्तिवाद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम योग्य ठरवलेला नाही. झेलिन्स्की आणि हकबी यांचे अर्ज ऐकायला त्याने नकार दिला, आणि ऐकायला नकार म्हणजे निकाल नव्हे. साथीच्या काळात मॅसॅच्युसेट्सने असाच तात्पुरता नियम काढला होता, तेव्हा पगारावर कर न घेणाऱ्या न्यू हॅम्पशरने ऑक्टोबर २०२० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यू जर्सी आणि कनेटिकटनेही न्यायालयाला लिहून पाठिंबा दिला. २८ जून २०२१ रोजी न्यायालयाने तो दावा दाखल करून घ्यायला परवानगी नाकारली. दोन न्यायमूर्तींनी तो घ्यायला हवा होता असं नोंदवलं. गुणवत्तेवर एक शब्दही लिहिला गेला नाही.

जे लिहिलं गेलं आहे, ते आपल्या बाजूचं आहे. १९७७ च्या कम्प्लीट ऑटो खटल्यात न्यायालयाने चार कसोट्या घालून दिल्या. त्यांत कराची वाटणी न्याय्य हवी आणि कराचा राज्याने दिलेल्या सेवांशी संबंध हवा, या दोन आहेत. २०१५ च्या विन खटल्यात मेरीलँड आपल्या रहिवाशांना दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं पूर्ण क्रेडिट देत नव्हतं, म्हणून पाच विरुद्ध चार मतांनी ती पद्धत रद्द झाली. आणि न्यू यॉर्कला त्याच्या शेजाऱ्यांवरच्या करासाठी न्यायालयाने पूर्वी थांबवलेलंही आहे. १९१९ च्या कायद्यात आपल्या रहिवाशांना दिलेली वैयक्तिक सूट न्यू यॉर्कने न्यू जर्सी आणि कनेटिकटहून येणाऱ्यांना नाकारली होती. १९२० मध्ये न्यायालयाने तो भेदभाव रद्द केला. शंभर वर्षांपूर्वी हे भांडण याच तीन राज्यांत होतं.

क्रेडिट मिळतं, मग आपलं जातं काय, हे चौथं म्हणणं. झेलिन्स्कींना क्रेडिट मिळालं नाही. हकबींच्या टेनेसीत पगारावर करच नाही, मग क्रेडिट कशातून देणार? न्यू जर्सीत क्रेडिट मिळतं, पण तेवढ्या कमाईवर न्यू जर्सीचा जेवढा कर झाला असता तेवढंच. न्यू जर्सीत पहिल्या २०,००० डॉलरवर १.४ टक्के कर आहे. न्यू यॉर्कचा सर्वांत खालचा दर कित्येक वर्षं ४ टक्के होता. मधल्या उत्पन्नाच्या माणसाला न्यू यॉर्कचा कर जड जातो, आणि वरचा फरक त्याच्या खिशातून जातो. बाकीचा न्यू जर्सीच्या तिजोरीतून.

यावर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाने, कायदा करावा हे मागणं अवास्तव नाही. हे काम काँग्रेसने पूर्वी केलेलं आहे. अनेक राज्यांतून गाडी नेणाऱ्या ट्रकचालकांच्या आणि रेल्वे कामगारांच्या पगारावर फक्त राहत्या राज्याने कर घ्यायचा, असा केंद्रीय कायदा आहे. विमान कर्मचाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाच्या पेन्शनवर जुन्या राज्याने दावा सांगू नये, हे काँग्रेसने १९९६ मध्ये ठरवून टाकलं. ट्रक हाकणाऱ्याला जो न्याय मिळाला, तो कीबोर्डवर काम करणाऱ्याला का नाही? सोयीचा निकष बंद करणारी विधेयकं काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा आली आणि तशीच पडून राहिली.

न्यू जर्सीने २०२३ मध्ये आपला उपाय काढला, आणि त्याच्या एका भागाला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या राज्यांत सोयीचा निकष आहे, त्यांच्या रहिवाशांना न्यू जर्सीही आता तोच निकष लावते. नेवार्कच्या कंपनीसाठी ब्रुकलिनच्या घरून काम करणाऱ्या माणसाकडून आता न्यू जर्सी कर मागते. जशास तसं म्हणून हे कानाला बरं वाटतं, पण ब्रुकलिनच्या त्या माणसाने काय बिघडवलं? तोही आपल्याच घरात बसून काम करतो आहे. आपल्यावर चुकीचं आहे ते त्याच्यावरही चुकीचंच.

आता आपल्याच लोकांशी थोडं. काम जिथे, कर तिथे, हे तत्त्व मी मागतो तेव्हा ते माझ्या विरुद्ध जाईल तिथेही मला मान्य असलं पाहिजे. बहिणीकडे फ्रीमॉंटला तीन आठवडे राहून तिथून काम केलं, तर ती कमाई कॅलिफोर्नियात झाली आहे आणि कॅलिफोर्निया तिच्यावर कर मागू शकतं. ‘१८३ दिवसांच्या आत काही लागत नाही’ असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. १८३ दिवसांची मर्यादा कुणाला रहिवासी मानायचं याच्याशी संबंधित आहे. न्यू यॉर्कमध्ये कायमचं राहण्याजोगं घर आणि १८३ हून जास्त दिवसांचा मुक्काम, दोन्ही असेल, तर तुम्ही तिथले रहिवासी ठरता आणि सगळ्या कमाईवर कर लागतो. त्याहून कमी दिवस राहिलात, तर तुम्ही परराज्यातले, पण तिथे काम केलेल्या दिवसांचा कर उरतोच. भारत-करारातलेही १८३ दिवस आहेत, म्हणून गोंधळ होतो. पण तो करार दोन देशांमधला आहे, फ्रीमॉंट आणि एडिसनमधला नाही.

‘कोण बघतंय, गप्प बसा’ हा सल्लाही मला पटत नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसासाठी तर तो धोक्याचा आहे. त्याची कामाची जागा एलसीए या मालकाने केलेल्या अर्जावर सरकारदरबारी लिहिलेली असते. त्या परिसराबाहेर तो साधारणपणे वर्षात ३० कामाचे दिवस आणि काही अटींवर ६० दिवस काम करू शकतो. त्याहून जास्त झालं, तर मालकाला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. एका सरकारला एक गाव आणि दुसऱ्याला दुसरं गाव सांगितलेलं कागदोपत्री उरतं, आणि ग्रीन कार्डच्या टप्प्यावर जुनी रिटर्न मागितली जाऊ शकतात.

पण दोन आठवड्यांच्या मुक्कामासाठी माणसाने वेगळं राज्य-रिटर्न भरत बसावं, हेही शहाणपणाचं नाही. यासाठी मर्यादा हवी, आणि ती कशी असावी हे ठाऊक आहे. इलिनॉयने २०२० पासून परराज्यातल्या नोकरदाराला ३० कामाच्या दिवसांपर्यंत सोडलं आहे. तीस दिवसांची हीच मर्यादा देशभर लागू करणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१२, २०१६ आणि २०१७ अशा तीन वेळा मंजूर केलं, आणि दर वेळी ते सिनेटपाशी अडलं. तीस दिवसांपर्यंत राहत्या राज्याचा कर, त्यापुढे जिथे बसलात तिथला, आणि मालकाच्या पत्त्यावरून कुठलाच नाही. एवढी तीन वाक्यं कायद्यात आली, तर एडिसनच्या त्या बाईचं रिटर्न अर्ध्या तासात भरून होईल.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. रोज कुठे बसून काम केलं याची नोंद ठेवा. ट्रेनची तिकिटं, विमानाचे बोर्डिंग पास, ऑफिसच्या दाराची नोंद जपा. मालकाने घरून काम करायला सांगितलं असेल, तर ते लेखी घ्या. न्यू यॉर्कचं आयटी-२०३, म्हणजे परराज्यातल्यांचं रिटर्न, भरताना पगाराची वाटणी डोळे झाकून शंभर टक्के टाकू नका, सीपीएला विचारा. परताव्याचा दावा करण्याचा पर्याय जिवंत ठेवा. न्यू जर्सीच्या २०२३ च्या कायद्यात मर्यादित वर्षांपुरती एक तरतूद आहे: जो रहिवासी दुसऱ्या राज्याच्या न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात भांडून परतावा मिळवेल, त्याला त्यामुळे न्यू जर्सीत द्याव्या लागणाऱ्या करात ५० टक्के सूट. एकट्याने लढणं महाग पडतं, म्हणून मराठी मंडळांनी, भारतीय संघटनांनी एका चांगल्या करवकिलाचा खर्च वाटून घ्यावा आणि आपल्या विधिमंडळ सदस्यांना एकत्र पत्र लिहावं. परताव्याचा अर्ज साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. जुनी रिटर्न आताच कपाटातून काढा.